चुंबकीय वादळ आणि उत्तरेचा तांबडा उजेड

लडाखमध्ये हानले नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरावर, साडेचार हजार मीटर उंचीवर, आपली एक मोठी वेधशाळा आहे. १० आणि ११ मे २०२४ यांच्या मधल्या रात्री तिथल्या कॅमेऱ्यांत एक नवल उमटले. क्षितिजालगत, उत्तरेच्या अंगाला, आभाळ तांबडे झाले होते. पहाट व्हायची होती, चंद्र नव्हता, वणवा पेटावा असे रानही त्या बाजूला नाही. तो होता ध्रुवीय प्रकाश. नॉर्वे, अलास्का अशा थंड मुलखात दिसणारा हा उजेड हानलेपर्यंत कसा पोचला, असे वर्गातल्या एखाद्या पोराने विचारले तर गुरुजींनी काय सांगावे? तेच आज आपण पाहू.

सुरुवात सूर्यापासून करावी लागते. त्या आठवड्यात सूर्यावर डागांचा एक प्रचंड पुंजका होता. आपल्या पृथ्वीसारखे पंधरा गोळे ओळीने मांडावेत, एवढी त्याची रुंदी. त्यातून एकामागून एक स्फोट झाले आणि विजेने भारलेल्या कणांचे लोट पृथ्वीकडे निघाले. या लोटांबरोबर सूर्याचे चुंबकत्वही वाहत येते. पृथ्वी स्वतः एक मोठा लोहचुंबकच. तिच्याभोवती चुंबकत्वाचे कवच आहे. येणाऱ्या चुंबकत्वाची दिशा आपल्या कवचाच्या उलट असली की मात्र त्याला जणू दार उघडते. दिशा एकच असली, तर लोट बराचसा वळसा घालून निघून जातो. त्या मे महिन्यात दार उघडले आणि चांगले उघडे राहिले.

आत शिरलेली शक्ती कणांना ध्रुवांकडच्या हवेत ढकलते. कागदाखाली लोहचुंबक धरून वर लोखंडाचा कीस भुरभुरवला, तर दोन्ही टोकांशी कीस कसा दाटतो, ते शाळेत दाखवता येईल. पृथ्वीच्या चुंबकरेषाही अशाच टोकांकडे जमिनीत उतरतात, आणि कण त्या रेषांच्या वाटेने येतात. हवेतल्या प्राणवायूला त्यांचा धक्का बसला की तो उजळतो. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर हिरवा, दोनशे ते चारशे किलोमीटरवर तांबडा. ध्रुवाभोवती या उजेडाचे एक कडेच असते. वादळ मोठे असेल तर हे कडे फुगते आणि विषुववृत्ताकडे सरकते.

आता हानलेला तांबडाच का, हिरवा का नाही? समुद्रावर गेलेल्यांना ठाऊक आहे, दूरच्या गलबताची आधी डोलकाठी दिसते, बूड दिसत नाही. पृथ्वीच्या गोलाईमुळे बूड झाकले जाते. तसेच हेही. हिरवा भाग खाली, तो क्षितिजाआड राहिला. वरचा तांबडा शेंडा तेवढा दिसला. हिशेब केला तर चारशे किलोमीटर उंचीवरचा उजेड सुमारे बावीसशे किलोमीटरांवरून क्षितिजाला टेकलेला दिसतो. म्हणजे प्रकाश लडाखच्या डोक्यावर मुळीच नव्हता, तो लांब उत्तरेला होता.

आणखी एक गोम आहे, ती नकाशा पाहून कळत नाही. अमेरिकेतले डॅलस शहर हानलेच्याच अक्षांशावर आहे. पण पृथ्वीच्या चुंबकाचा कणा भूगोलाच्या कण्याशी जुळत नाही, तो कॅनडाच्या बाजूला कललेला आहे. त्यामुळे चुंबकीय मापाने डॅलस सुमारे ४१ अंशांवर, तर हानले केवळ २४ वर, आणि आपली मुंबई दहा-अकरावर. ध्रुवीय प्रकाश मानतो ते हेच माप. एका अक्षांशावर राहून अमेरिकेचा माणूस तो अधिक वेळा पाहतो, त्याचे कारण हे.

मधल्या अक्षांशांत या उजेडाने माणसे फार वेळा फसली आहेत. रोमचा सम्राट टायबेरियस याच्या काळात आभाळ तांबडे पाहून सैनिक ऑस्तिया बंदराची आग विझवायला धावले, असे सेनेकाने लिहून ठेवले आहे. ते सारे धावले, ते असाच शेंडा पाहून.

पण डोळ्यांना न दिसणारे वादळ आपल्याकडेही येते, ते सुईला कळते. विषुववृत्ताच्या वर, फार उंचावर, वादळात विजेचा एक प्रवाह पृथ्वीभोवती फिरू लागतो, आणि त्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या विरुद्ध असते. मग आपल्याकडचा चुंबकाचा जोर घटतो. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यडागांचे चित्र काढत असता त्याला तिथे झगझगीत चमक दिसली. साडेसतरा तासांनी वादळ आले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या वेळी माणसे डोळ्यांनी सुई वाचून आकडे लिहीत. त्यांच्या वहीत जोर सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे नेहमीच्या शंभरात चार भागांनी, घसरल्याची नोंद आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांना त्या वादळाचे माप आजही या वहीतून काढावे लागते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवले. ट्रामच्या विजेने सुया बहकल्या असत्या. रायगडच्या शाळांनी मुलांना घेऊन एकदा तिथे जरूर जावे.

सुईचे हे हलणे केवळ पंडितांचे कौतुक नव्हे. चुंबकत्व झपाट्याने बदलले की जमिनीत आणि लांबच लांब तारांत आपोआप वीज खेळू लागते. १८५९ मध्ये अमेरिकेत तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि त्या आभाळाच्या विजेवरच संदेश पाठवले. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज दीडएक मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. आपण विषुववृत्ताजवळ, म्हणून हा धोका आपल्याला कमी. पण उपग्रह आणि लघुलहरींचे रेडिओ यांना अक्षांशाची सवलत फारशी मिळत नाही.

म्हणून भारताचे ‘आदित्य एल-१’ यान जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर, सूर्याच्या दिशेने, जाऊन बसले. लोट त्याच्यावरून आधी जातो आणि नेहमीच्या वेगाने तासाभराने, वादळी वेगाने अर्ध्याएक तासाने आपल्याकडे पोचतो. वीजकेंद्राच्या माणसाला तेवढा अवधी पुष्कळ होतो.

तर गुरुजी, पोराने पुढे विचारलेच की आपल्या महाराष्ट्रात हे कधी दिसले होते का, तर त्याला ४ फेब्रुवारी १८७२ ची संध्याकाळ सांगा. रविवार होता. सूर्य मावळल्यावर मुंबईच्या आभाळात ध्रुवीय प्रकाश अंधुकसा दिसल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापली गेली आहे.