तारपावाल्या चित्राचा मालक कोण?

समजा, वालीवच्या एखाद्या गाळ्यात कापडी पिशव्यांवर छपाई चालली आहे. पिशवीवर मधोमध तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं. वारली चित्र! आपल्या पालघर जिल्ह्याचं. आता सांगा पाहू, हे चित्र कोणाचं? छापणाऱ्याचं, पिशवी विकत घेणाऱ्याचं, की काढणाऱ्याचं?

कायदा म्हणतो, काढणाऱ्याचं. या हक्काला म्हणतात कॉपीराइट. गंमत अशी, की तो मिळवायला कुठे अर्ज करावा लागत नाही. तुम्ही मनानं चित्र काढलंत, कागदावर उतरलं, झालं! हक्क तुमचा. चित्र कोणी विकत घेतलं, तर त्याला कागद मिळतो. त्या चित्राच्या हजार प्रती छापायचा हक्क मिळत नाही. तो हवा असेल तर चित्रकाराकडून लेखी घ्यावा लागतो.

हा हक्क टिकतो किती? चित्रकार असेपर्यंत, आणि तो गेल्यावर पुढची ६० वर्षं! डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे हे थोर वारली चित्रकार. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७८ संपेपर्यंत चालणार. तोपर्यंत तुम्ही आजी-आजोबा झाला असाल.

इंग्लंडमध्ये १७१० साली असा पहिला कायदा झाला, तेव्हा नव्या पुस्तकाला फक्त १४ वर्षं मिळायची. लेखक हयात असेल तर आणखी १४. आपला आजचा कायदा १९५७ चा. त्यात आधी मृत्यूनंतर ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांची मुदत १९९१ अखेर संपत होती. तेव्हा कायदाच बदलला आणि सगळ्यांनाच दहा वर्षं वाढवून मिळाली. मुदत संपली, की लेखन सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणालाही छापता येते.

पण थांबा. मशे यांच्याही आधी ही चित्रं होतीच की! लग्नघरात सवाशिणी गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवचौक लिहायच्या. खाली सही नाही, तारीख नाही. मग मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजायची कोणाच्या? इथे कॉपीराइट चक्क गप्प बसतो. शिवाय त्रिकोणांची माणसं काढायची ही पद्धत तो कोणा एकाच्या नावावर करतच नाही. म्हणून तर तुम्ही शाळेच्या भिंतीवर वारली पद्धतीचं चित्र बिनधास्त काढू शकता.

मग वारली समाजाला काय मिळालं? भौगोलिक मानांकन. हा हक्क एका माणसाचा नसतो, त्या भागातल्या सगळ्या कारागिरांचा असतो. आपल्या घोलवडच्या चिकूला तो आहे, तसाच २०१४ मध्ये वारली चित्रकलेलाही मिळाला. दर दहा वर्षांनी त्याचं नूतनीकरण करायचं. या नावाखाली बाहेरचा नकली माल खपवायला आता मनाई आहे. मला विचाराल तर हा पहारा अर्धाच. तो नावावर नजर ठेवतो; नाव न लिहिता तेच त्रिकोण, तोच तारपा कोणी छापला, तर त्याला अडवणं अवघड.

म्हणून पुढच्या वेळी वारली चित्राची पिशवी घ्याल, तेव्हा दुकानदाराला विचारा, “काका, हे कोणी काढलंय?” आणि तुमच्या स्वतःच्या चित्राच्या कोपऱ्यात नाव आणि साल लिहायला विसरू नका.