मागच्या वर्षीची यादी बघून ऑर्डर देताय? आधी हे वाचा!



२०२५ च्या गणपतीनंतर माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर जवळपास ४० हजारांचा डेकोरेशनचा माल पडून राहिला. भांडवल अडकलं आणि दिवाळीचा माल उधारीवर उचलावा लागला. चूक कुणाची? माझीच. २०२४ ला मखरं हातोहात गेली होती, म्हणून तीच यादी थोडी वाढवून होलसेलवाल्याला पाठवली. बीबीए करूनही!

नंतर जुन्या वह्या काढल्या. २०२४ ला गणेश चतुर्थी होती ७ सप्टेंबरला. माझं बहुतेक गिऱ्हाईक कंपन्यांत कामाला, पगार १ ते ५ तारखेत. म्हणजे खिशात पैसे होते. २०२५ ला चतुर्थी आली २७ ऑगस्टला, ऐन महिनाअखेर. लोकांनी स्वस्तातल्या माळा घेतल्या, दोन हजारांची मखरं तशीच राहिली. आणि २०२२ ला चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. तेव्हाही हेच झालं होतं. वहीत लिहिलेलं होतं, मी बघितलंच नाही!

लक्षात घ्या, सगळ्यात अलीकडचं वर्ष म्हणजे सगळ्यात मिळतं-जुळतं वर्ष नव्हे.

जुने अनुभव शोधून निर्णयाला मदत करणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टिम्स असतात. या पद्धतीला केस-बेस्ड रिझनिंग म्हणतात. आमोट आणि प्लाझा या संशोधकांनी १९९४ मध्ये तिच्या चार पायऱ्या मांडल्या. सोप्या भाषेत सांगायचं तर:

१. आजच्यासारखी जुनी केस शोधा.
२. तेव्हाचा उपाय घ्या.
३. आजच्या परिस्थितीप्रमाणे त्यात बदल करा.
४. जे झालं ते पुन्हा नोंदवून ठेवा.

एक खरं उदाहरण सांगतो. अमेरिकेतली लॉकहीड कंपनी कॉम्पोझिटचे भाग ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या भट्टीत तयार करायची. भट्टीत कुठला भाग कुठे ठेवायचा, याचा पक्का फॉर्म्युला नव्हता. मांडणी चुकली की महागडे भाग वाया! म्हणून अनुभवी कामगार जमलेल्या मांडणीचे कागद जपून ठेवायचे. त्याच कागदांवरून क्लेव्हिअर नावाची सिस्टिम बनली आणि १९९० मध्ये कामाला लागली. सुरुवात किती केसेसवर? फक्त २०! सिस्टिम मिळती-जुळती जुनी मांडणी दाखवायची, ऑपरेटर ती तपासून ठरवायचा, आणि नवा अनुभव परत साठ्यात जायचा.

मग आपल्याला काय अडतंय? मोबाइलवर एक एक्सेल शीट उघडा. चार कॉलम करा: परिस्थिती, निर्णय, निकाल, कारण. परिस्थितीत तारीख, पगाराआधी की नंतर, पाऊस, शेजारी नवं दुकान, असं सगळं लिहा. ऑर्डर देण्याआधी फिल्टर लावा आणि मिळत्या दोन-तीन नोंदी वाचा. उधारी देतानाही हीच शीट कामाला येते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, पडून राहिलेला मालही लिहा. फक्त यश लिहिलंत तर शीट तुम्हाला नेहमी 'घ्या, घ्या'च म्हणेल. दोन, कॉम्प्युटर साम्य शोधतो, पण कुठलं साम्य महत्त्वाचं ते तुम्हालाच सांगावं लागतं. उदाहरणार्थ, २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तारखेने २०२१ ची १० सप्टेंबर जवळची वाटते. पण तेव्हा कोरोनाचे निर्बंध होते, ती केस कशी चालेल? मी २०२३ आणि २०२४ च्या नोंदी समोर ठेवणार. दोन्ही वेळा पगार होऊन गेलेला होता.

आजचं काम: गेल्या वर्षभरातले पाच निर्णय आठवा, तीन फसलेले आणि दोन जमलेले. आज रात्री शटर ओढल्यावर शीटमध्ये भरा. अनुभव तर तुम्ही पैसे मोजून घेतलाच आहे, तो वाया का घालवायचा?

भेटूया पुढच्या व्हिडिओत!