मान, हात, पायसुद्धा बघा

स्वमग्नता म्हटली की आपलं लक्ष बोलण्याकडे आणि नजरेकडे जातं. हालचाली राहूनच जातात. १९४३ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, तेव्हाच एक बारीक गोष्ट टिपली होती : उचलून घ्यायला हात पुढे केले, तरी यातली बरीच बाळं अंग सावरून तयार होत नसत. २०१२ मध्ये बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर संस्थेतल्या संशोधकांनी स्वमग्न मुलांची धाकटी भावंडं तपासली. सहा महिन्यांच्या, उताण्या बाळाला हात धरून बसतं करताना मान मागेच लोंबणं, हे पुढे निदान झालेल्यांत जास्त दिसलं. (एवढ्यावरून निदान होत नाही, घाबरू नका.)

मूल मोठं होताना पुढे दिसू शकतं ते असं : चवड्यांवर चालणं, चेंडू छातीवर आदळल्यावर हात मिटणं, शर्टाचं बटण काजात न शिरणं. याला घरात 'आळशीपणा' म्हणतात, ते साफ चूक. अर्थात काही स्वमग्न मुलं झाडावर सरसर चढतातही.

शंका वाटली तर जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथली तपासणी मोफत असते.