रस्ता अडविणारी गाडी आणि तिचा दंड



भांडुप आणि मुलुंड या दोन स्थानकांच्या मध्यें नाहूर नांवाचें आमचें उपनगर आहे. एके काळीं जेथें कारखान्यांच्या भिंती होत्या, तेथें आतां उंच इमारती आहेत. आणि त्या इमारतींत न मावलेल्या मोटारी रस्त्यावर उभ्या आहेत. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं आमच्या गल्लींतील एका वृद्ध बाईंच्या छातींत कळ आली. रुग्णवाहिका वेळेवर आली. पण गल्लीच्या तोंडाशींच अडली. दोन्ही बाजूंस गाड्यांची रांग, आणि मधून जेमतेम एक स्कूटर जाईल एवढीच वाट. शेवटीं चार तरुणांनीं बाईंना खुर्चींत बसवून भर पावसांत मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलें. देवदयेनें त्या बचावल्या. सांगावयास संकोच वाटतो, परंतु त्या रांगेंतील तिसरी मोटार माझ्या घरची होती.

पुढें थोड्याच दिवसांत त्या गाडीबद्दल दंडाचा संदेश माझ्या मोबाइलवर आला. 'सारी गल्ली गाड्यांनीं भरली असतां मलाच कां?' हा माझ्या मनांतला पहिला विचार, पश्चात्ताप नंतरचा. हा दंड कोण करितो, कोणत्या अधिकारानें करितो आणि पैसा कोठें जातो, हें मला तोंवर ठाऊक नव्हतें. चौकशीअंतीं जें समजलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

मुंबईचे बहुतेक रस्ते महानगरपालिकेचे. १८८८ सालच्या कायद्यानें ते बांधण्याचें व राखण्याचें काम तिच्याकडे दिलें आहे. म्हणून पुष्कळांची समजूत अशी कीं, दंडही पालिकाच करीत असावी. वस्तुस्थिति निराळी आहे. गाड्या कोठें व किती वेळ उभ्या राहाव्यात, हें ठरविण्याचा अधिकार १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमानें राज्य सरकारला किंवा सरकार नेमील त्या अधिकाऱ्याला दिला आहे. स्थानिक संस्थेशीं विचारविनिमय मात्र करावा लागतो. आपल्या नित्याच्या अनुभवांतलें बोलावयाचें, तर 'पे अँड पार्क'ची पावती पालिकेच्या खात्यांतली आणि 'नो पार्किंग'चें चलान वाहतूक पोलिसांचें. पावतीचा पैसा पालिकेकडे, चलानाचा राज्याच्या तिजोरींत. एका रस्त्याला असे दोन धनी असल्यानें तक्रार घेऊन जाणारा नागरिक पुष्कळदां दोन दारांच्या मध्यें उभा राहतो.

'आमच्या गल्लींत फलकच नाहीं, मग गुन्हा कसला?' असें आमच्या एका शेजाऱ्यांनीं विचारलें. त्याचें उत्तर १२२ व्या कलमांत आहे. इतरांस धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशा रीतीनें सार्वजनिक जागीं गाडी उभी करणें हाच मुळीं नियमभंग आहे. फूटपाथ, वळण, पायीं ओलांडण्याचे पट्टे, दुसऱ्याच्या फाटकाचें तोंड, या जागा फलकावांचूनही निषिद्धच समजाव्या.

आतां कारवाई कशी होते तें पाहूं. पूर्वीं हवालदार पावतीपुस्तक काढून जागेवरच पैसे घेई. २०१६ सालापासून मुंबईंत ई-चलान सुरू झालें. हवालदार हातांतल्या यंत्रानें गाडीचें छायाचित्र घेतो, क्रमांक नोंदवितो आणि संदेश गाडीच्या नोंदलेल्या मालकाकडे जातो. दंड १७७ व्या कलमाखालीं, पहिल्या खेपेस ५०० रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येक खेपेस १,५०० रुपयांपर्यंत. मनाई असलेल्या जागेवरील गाडी उचलून नेण्याचा किंवा तिला जॅमर लावण्याचा हुकूम गणवेशांतील पोलीस अधिकारी १२७ व्या कलमान्वयें देऊं शकतो. गाडी उचलण्याचा खर्च दंडाहून वेगळा आणि तोही मालकाच्याच माथीं.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, चलान हा आरोप आहे, निकाल नव्हे. आपण जी रक्कम भरतों ती तडजोडीची असते. ती भरली कीं प्रकरण मिटतें. आरोप मान्य नसल्यास न्यायालयापुढें आपलें म्हणणें मांडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. दुसरी गोष्ट ही कीं, सरकार दप्तरांतलें नांव ओळखतें. गाडी विकली म्हणजे राज्यांतल्या राज्यांत चौदा दिवसांच्या आंत ती खबर नोंदणी कार्यालयास द्यावी. नाहीं तर गाडी एकाची आणि चलानें दुसऱ्याच्या घरीं, असा प्रकार होतो.

मग दंड जबर केला म्हणजे शिस्त येईल काय? जुलै २०१९ मध्यें मुंबई महानगरपालिकेनें सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा उभ्या केलेल्या गाड्यांना ५,००० पासून २३,००० रुपयांच्याही वर दंड लावावयास आरंभ केला. वर्तमानपत्रें त्या आंकड्यांनीं गाजलीं. पण ज्या वस्तींत वाहनतळच नाहीं, तेथें त्या आंकड्यांचा कांहीं उपयोग नव्हता. मी पस्तीस वर्षें वर्गावर उभा राहिलों आहें. छडी किती जाड आहे यावर वर्गाची शिस्त अवलंबून नसते; मास्तरांचें लक्ष आहे आणि तें सर्वांवर सारखें आहे, या खात्रीवर ती चालते. महिन्यांतून एकदां दहा जणांस जबर दंड झाला, तर ते दहा जण दैवाला दोष देतात. रोज प्रत्येकास थोडा दंड होऊं लागला, तर गल्ली मोकळी होते.

लंडनमध्यें १९९१ च्या कायद्यानें हें काम पोलिसांकडून काढून तेथील स्थानिक संस्थांकडे सोपविलें. जागा ठरविणारा आणि दंड करणारा हात तेथें एकच झाला. दंडांतून उरणारी शिल्लकही मुख्यतः रस्ते व वाहतूक यांवरच खर्च करावी लागते. आपल्याकडे तसें व्हावें कीं नाहीं हा जाणत्यांनीं ठरवावयाचा प्रश्न आहे. पण दंडाचा पैसा आपल्याच गल्लींत परत येतांना दिसला, तर तो देणाऱ्याचा राग निदान अर्धा तरी ओसरेल.

असो. माझी वेळ संपत आली. चलानाचे पैसे मीं भरले. मोटारीकरितां जवळच्या एका आवारांत महिन्याच्या भाड्यानें जागा घेतली. निवृत्तिवेतनांतून ती रक्कम काढतांना जड जातें, हें नाकारीत नाहीं. गल्लींतील मंडळींनीं एक बाजू मोकळी ठेवण्याचें ठरविलें आहे. तें रोज पाळलें जातेंच असें म्हणवत नाहीं. 'पांचच मिनिटें उभी करतों,' असें कोणी म्हणालें कीं त्या बाई आपल्या खिडकींतून खालीं पाहतात. त्या बोलत कांहींच नाहींत. पण गाडी पुढें जाते.