बेंजोत न मावलेलं गाणं

काशीदच्या किनाऱ्यावर शनिवारी दुपारी उभं राहिलं की एकच गाणं चार ठिकाणांहून ऐकू येतं. सरबतवाल्याचा स्पीकर, बनाना राइडवाल्याचा, पुण्याहून आलेल्या मिनी बसचा आणि सुरूच्या सावलीत सतरंजी टाकून बसलेल्या एखाद्या कंपूचा. चौघांनीही ‘झिंगाट’ लावलेलं असतं, पण एकाने आधी, दुसऱ्याने जरा नंतर. त्यामुळे मुखडा एकीकडून आणि अंतरा दुसरीकडून येतो, मधे लाटेचा आवाज. पाहुण्यांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र हात खिशात घालून उभं राहावं लागतं, नाहीतर बोटं आपोआप पट्ट्या शोधू लागतात. गेली वीसहून अधिक वर्षं मी या पट्ट्यातल्या एका बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो.

बेंजो पार्टी म्हणजे काय हे अलिबाग-मुरूड रस्त्यावरच्या माणसाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. टाइपरायटरसारखी बटणं असलेला बेंजो पुढे, बाजूला कीबोर्ड, पॅड, ढोल, ताशा, जमलं तर संबळ. हे सगळं टेम्पोवर, मागे जनरेटर, वर भोंगे. हळद, वरात, गणपतीचं आगमन, पालखी, गोविंदा. रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळाव, कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव, मुरूड अशी आमची हद्द.

आम्ही सुरुवात केली तेव्हाची यादी सोपी होती. शांता शेळक्यांच्या शब्दांचं, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीचं, लता आणि हेमंतकुमार यांनी गायलेलं ‘मी डोलकर’ हे हुकमी पान. ते बेंजोवर आलं की नाखवा असो वा शिक्षक, उठून नाचणार. अशा गाण्यांत चाल वाजवली की काम भागतं. चाल म्हणजेच गाणं, अशी आमची पक्की समजूत होती.

ती समजूत 2004 साली मोडली. ‘अगं बाई अरेच्चा!’ आला आणि ‘मल्हारवारी’ची फर्माईश सुरू झाली. बेंजोवाल्याने चाल एका संध्याकाळीत बसवली. बोर्लीच्या एका हळदीत वाजवली, आणि मंडपातली माणसं बसूनच राहिली. सूर बरोबर, लय बरोबर, तरी गाणं उभं राहीना. घरी येऊन कॅसेट पुन्हा पुन्हा लावली तेव्हा कळलं की ते गाणं चालीवर उभंच नाही. ते संबळाच्या ठेक्यावर आणि मागे झील धरणाऱ्या आवाजांवर उभं आहे, आणि त्या सगळ्याखाली एक आधुनिक बेस चालू आहे. गोंधळ्याचं अंगण तसंच ठेवून त्याच्याखाली नवी फरशी घातली होती. आम्ही फक्त वरचं वाजवत होतो.

तेव्हापासून ‘मल्हारवारी’ बांधणारे अजय-अतुल हे आमच्यासाठी संगीतकार राहिले नाहीत, गृहपाठ झाले.

या दोघा भावांची हकिगत आता सगळ्यांना ठाऊक आहे. वडील महसूल खात्यात, सतत बदल्या, राजगुरुनगर, शिरूर अशा गावांत बालपण, संगीताचं रीतसर शिक्षण नाही. ‘विश्वविनायक’ या गणपतीच्या अल्बमने नाव झालं. लोक त्यांना चालींसाठी डोक्यावर घेतात. माझं मत वेगळं आहे. त्यांच्याइतक्या गोड चाली मराठीत इतरांनीही दिल्या. चालीभोवती काय उभं करायचं, कुठलं वाद्य कधी आत घ्यायचं आणि कधी गप्प बसवायचं, यात त्यांच्या पिढीत त्यांच्या तोडीचा मराठी माणूस मला दिसत नाही. ज्याला संगीत संयोजन म्हणतात आणि कॅसेटच्या वेष्टणावर ज्याचं नाव बारीक अक्षरांत छापत असत, ते काम.

2006 च्या ‘जत्रा’मधलं ‘कोंबडी पळाली’ घ्या. आनंद शिंदेंचा आवाज हेच त्यातलं सर्वात मोठं वाद्य, आणि बाकी सगळं त्या आवाजाला वाट करून देतं. सहा वर्षांनी हीच चाल ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली. तेच सूर, पण आता मोठ्या पडद्याच्या मापाचं सगळं, ठोका जड, श्रेया घोषालचा आवाज धारदार. आम्ही हळदीत दोन्ही वाजवायचो, आणि बेंजोवर ती दोन्ही गाणी अगदी एकसारखी निघायची! म्हणजे फरक जो होता तो सगळा संयोजनात होता आणि आम्ही तो नेमका वाटेत सांडत होतो.

‘नटरंग’ 2010 च्या पहिल्या तारखेला लागला. ‘वाजले की बारा’ने आमच्या ढोलवाल्याची झोप उडवली. ढोलकीचे बोल त्याला ढोलावर काढायचे होते. त्याने काठी टाकली आणि हाताने वाजवायला घेतलं, बोटांना फोड येईपर्यंत. त्या गाण्यातली ढोलकी बाईच्या आवाजाशी बोलते. ती गाताना ढोलकी दबकून असते, ती थांबली की ढोलकी तोंड उघडते. फडावर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. फडावर मात्र ढोलकीवाला समोर बसलेला असतो आणि बाईच्या भुवईकडे बघून वाजवतो. स्टुडिओत गायिका एका दिवशी गाते आणि वाद्यं दुसऱ्या दिवशी वाजतात, तरी तो संवाद तुटलेला वाटत नाही. ही कारागिरी आहे, आणि ऐकणाऱ्याला ती कारागिरी म्हणून जाणवतही नाही.

ही कारागिरी नवी नाही. हिंदी सिनेमाचा जुना वाद्यवृंद उभा केला तो मुख्यत्वे गोव्याच्या माणसांनी. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकलेली ही मंडळी मुंबईत येऊन शंकर-जयकिशन आणि इतरांसाठी व्हायोलिनांचे ताफे लिहीत. आमच्याकडे मराठीत अनिल मोहिले होते. पुढे कीबोर्ड आले, मग संगणक आला, आणि नव्वदच्या दशकात पन्नास वादकांचं काम एका खोलीत एक माणूस करू लागला. निर्मात्याचे पैसे वाचले. वादकांपैकी बरेच जण घरी बसले. माझं पोट कीबोर्डवर चालतं, त्यामुळे मी या प्रकाराला नावं ठेवू शकत नाही, पण ‘स्ट्रिंग्ज’ असं लिहिलेलं बटण दाबलं की जे वाजतं त्याला व्हायोलिन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि मग 29 एप्रिल 2016. अजय-अतुलच्याच संगीताचा ‘सैराट’ लागला तो ऐन लग्नसराईत. आठवड्याभरात अशी स्थिती आली की नवरदेव नसला तरी चालेल, ‘झिंगाट’ पाहिजे. आम्ही ते दोन तासांत बसवलं आणि पहिल्याच रात्री मंडपाचा बांबू उखडला. कारण उघड होतं. ते गाणं मुळात आमच्यासारख्या पार्टीच्या आवाजातच बांधलेलं आहे. भोंग्यातून फाटून आलं तरी त्याचं काही बिघडत नाही. असं गाणं मुद्दाम बांधावं लागतं. स्वच्छ, महागड्या स्टुडिओत बसून धुळीच्या मंडपाचा अंदाज घ्यावा लागतो. ‘झिंगाट’ला उथळ म्हणणाऱ्यांनी कधी टेम्पोवर उभं राहून गाणं वाजवलेलं नसतं.

त्याच सिनेमात ‘याड लागलं’ आहे. त्यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत, सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. हा जुना एमजीएमचा स्टेज, 1939 च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीत इथलंच. साठाहून अधिक वादक, व्हायोलिन, चेलो, हॉर्न, हार्प. तिथे वादक कागद समोर ठेवून पहिल्याच वाचनात वाजवतात आणि वेळेचं भाडं चढत असतं. म्हणजे प्रत्येक सुराचा निर्णय विमानात बसण्याआधी झालेला हवा. मुंबईत “जरा असं करून बघू” म्हणता येतं, तिथे नाही. मराठी सिनेमाने ही उडी मारली, तीही करमाळ्याकडच्या मातीत घडणाऱ्या गोष्टीसाठी. पाटलाच्या पोरीवर जीव जडलेल्या कोळ्याच्या पोराला काय वाटत असेल, ते सांगायला हॉलिवूडचा ताफा कशाला, असं तेव्हा काही जण म्हणाले. मला उलट वाटतं. त्या पोराच्या छातीत तेवढंच मोठं काहीतरी वाजत होतं, आणि ते कुणीतरी त्याच्या मापाने वाजवलं.

आम्ही ‘याड लागलं’ बसवायचा प्रयत्न केला. दोन महिने. मुखडा छान आला, लोक माना डोलवू लागले. आणि पहिलं म्युझिक आलं की सगळं कोसळायचं. जिथे तिकडे साठ माणसं श्वास घेऊन उसळतात तिथे आमच्याकडे एक बेंजो आणि माझं ते बटण. ढोलवाला म्हणायचा, “दादा, हितं आपुन थांबूया, नुसता जनरेटर वाजू दे.” तो गमतीने म्हणायचा, पण त्याचंच बरोबर होतं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. टाळेबंदीने आधीच एकही सुपारी नव्हती, वादळाने उरलंसुरलं नेलं. किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब वाकले. कित्येक दिवस अंधार. पार्टीचा जनरेटर तेव्हा वाडीतल्या मोबाइलना चार्जिंग द्यायच्या कामी आला. एका रात्री माझा मोबाइल भरल्यावर मी इअरफोन लावला. डावी बाजू मेलेली. ‘याड लागलं’ लावलं आणि दचकलो. वाद्यवृंदात व्हायोलिन साधारण डावीकडे बसतात आणि चेलो उजवीकडे. माझ्या एका कानात व्हायोलिन पातळ झाले होते आणि इतकी वर्षं त्यांच्याखाली दबलेले चेलो समोर आले होते. ते गाण्याची चाल वाजवतच नव्हते. ते आपल्याच वाटेने खालून, शांतपणे चालत होते. वरचा आवाज व्याकूळ होऊन चढतो आणि हे खालून त्याला धरून ठेवतात, पडू देत नाहीत. त्या अंधारात मी ते गाणं सात-आठ वेळा ऐकलं. दोन महिने वाजवायची धडपड केलेलं गाणं मी तोवर पुरतं ऐकलंच नव्हतं.

यानंतर मी अजय-अतुलचा अंधभक्त झालो असं मात्र नाही. ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’, ‘पानिपत’ या काळात भव्यतेची सवय जडल्यासारखी वाटली. प्रत्येक ठिकाणी समूहस्वर चढलेच पाहिजेत, प्रत्येक देवाला शंभर माणसांनी हाक मारलीच पाहिजे. ‘लय भारी’तल्या ‘माउली’त हाच चढत जाणारा कल्लोळ अंगावर काटा आणतो, कारण वारी ही मुळात गर्दीच आहे. तीच युक्ती दहाव्यांदा आली की टाळ मोजावेसे वाटतात.

मग 2022 मध्ये ‘चंद्रमुखी’ आला. ‘चंद्रा’ गाजलं, आमच्या यादीत लगेच आलं. पण मला धरून ठेवलं ते आर्या आंबेकरच्या ‘बाई गं’ने. बैठकीची लावणी, थोडी वाद्यं, भरपूर मोकळी जागा. साठ माणसांचा ताफा हाताशी असणाऱ्याने हात आवरला की काय होतं, ते त्यात ऐकायला मिळतं.

आमच्या पार्टीत आता नवी पोरं आली आहेत. बेंजोच्या जोडीला लॅपटॉप आला. ट्रॅक लावायचा आणि त्यावर ढोल बडवायचा, हे सर्रास चालतं. परवा एक पोरगा म्हणाला, “दादा, ‘याड लागलं’ घेऊ ना, वृंद लॅपटॉपवर आयता आहे.” मी नाही म्हणालो. त्याने कारण विचारलं तर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

या मोसमातली पार्टीची यादी भिंतीवर चिकटवलेली आहे. एकेचाळीस गाणी. ‘झिंगाट’ तिसरं आहे, ‘मी डोलकर’ पहिलं. ‘याड लागलं’ यादीत नाही.