न कळणारं गाणं कसं ऐकावं?

बालमित्रांनो, ज्या गाण्यातला एकही शब्द कळत नाही, असं गाणं तुम्ही किती वेळ ऐकाल? एक मिनिट? दोन मिनिटं? आमच्या वर्गानं सात मिनिटं ऐकलं आणि मग मागून आवाज आला, "सर, हे गानं कवा सरते?"

त्याचं असं झालं. माझ्या एका मित्रानं गोव्याहून मांडो गाण्यांचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. चांगलं सत्तर मिनिटांचं! खरं सांगू? पहिल्या वेळी मीसुद्धा ते अर्ध्यावरच बंद केलं. सगळी गाणी एकसारखी, संथ वाटली. मग मनात आलं, धडा पूर्ण वाचल्याशिवाय त्याला कंटाळवाणा म्हणू नका, असं आपण रोज मुलांना सांगतो. आणि स्वतः? पुन्हा लावलं. तिसऱ्या खेपेला ते आवडू लागलं. म्हणून एका शनिवारी ते वर्गात नेलं.

आता हा मांडो म्हणजे काय, ते ऐका. गोव्यावर 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य होतं. तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागात, कुडतरी, लोटली अशा गावांमध्ये, ख्रिस्ती घरांतल्या लग्नसमारंभांत मांडो बहरला. त्याच्या चालीत युरोपची छाया आहे, पण भाषा आपल्या मराठीची बहीण, कोकणी! पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, स्त्रियांच्या हाती पंखे असतात आणि सगळे हलक्या पावलांनी पुढे-मागे सरकत नाचतात.

व्हायोलिन आणि गिटारसोबत घुमट वाजतो. घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बांधतात आणि लहान तोंड हातानं झाकत-उघडत वाजवतात. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. घोरपडीला कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा बकऱ्याचं कातडं आलं. 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसावाद्य म्हणून मान दिला. गंमत म्हणजे हाच घुमट गोव्यातल्या देवळांत आरतीलाही घुमतो!

तिकडे पोर्तुगालच्या लिस्बन शहरात 'फादो' नावाचं गाणं आहे. बारा तारांच्या पोर्तुगीज गिटारवर ते गातात. 2011 मध्ये युनेस्कोनं त्याची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. त्यांच्या भाषेत 'सौदाद' असा एक शब्द आहे. दूर गेलेल्या माणसाची, गावाची, दिवसांची हुरहूर म्हणजे सौदाद. आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत माहेरची ओढ असते ना, तिच्याजवळ जाणारी ही भावना. मांडोतही हीच हुरहूर फार.

हे सगळं सांगून झालं तरी मुलं चुळबुळतच होती. मग आम्ही एक युक्ती केली. गाणं पहिल्यांदा ऐकायचं ते फक्त घुमटासाठी. दुसऱ्यांदा मात्रा मोजायच्या. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा! आपल्या दादऱ्यासारख्याच सहा, पण सावकाश. तिसऱ्यांदा ओळखीचे शब्द पकडायचे. "काळीज! सर, काळीज म्हटलं त्यायनं!" पहिल्या बाकावरचा पोरगा ओरडला आणि वर्ग जागा झाला.

मी म्हटलं, "अरे, तुम्ही तर रोज पोर्तुगीज बोलता!" पोरं बघतच राहिली. चावी, बादली, पगार, अननस, घमेलं, पाव. हे शब्द पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आलेत. मग काय, गाणं एकदम शेजारघरचं वाटू लागलं.

मांडो संपला की त्याला जोडून दुलपद येतं. त्याची चाल भराभर, उड्या मारणारी. पाय आपोआप ठेका धरतात. पण ही मजा खरी कळते ती आधीचा संथ मांडो पूर्ण ऐकणाऱ्यालाच. उन्हातून चालून आल्यावर माठातलं पाणी गोड लागतं, तसंच!

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसलो. आमच्या आसेगावच्या परिसरात बंजारा समाजाचे तांडे आहेत. तांड्यावरची एक मुलगी पाचवीत माझ्या वर्गात होती. अगदी अबोल. मी विचारलं, "न कळणारं गाणं ऐकताना कसं वाटलं?" तिनं हात वर केला. हळूच म्हणाली, "सर, पहिलीत मले मराठी असंच ऐकू येत होतं."

वर्ग चिडीचूप झाला.

"मग तू काय करायची?"

"शब्द कळत नव्हते. मी बाईंचा आवाज ऐकत होती. रागावल्या का हसल्या, ते समजायचं."

मित्रांनो, मी इतकी वर्षं शिकवतोय, पण घरी गोरमाटी बोलणाऱ्या लेकराला पहिलीचा वर्ग कसा ऐकू येत असेल, हे मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. सत्तर मिनिटांच्या गाण्यानं मला कंटाळा आला होता. तिनं अख्खं वर्ष तसं काढलं होतं, आणि कुरकुर न करता!

पुढच्या शनिवारी तिनं होळीला तांड्यावर गातात ते लेंगी गीत म्हणून दाखवलं. आम्ही तीच युक्ती वापरली. आधी ठेका, मग मात्रा, मग शब्द. शेवटी तिनं अर्थ सांगितला. त्या दिवशी आमच्या वर्गात तीच गुरू होती! सुट्टीत तिच्याभोवती पोरींचा घोळका होता. "आमाले पन शिकव ना," असं चाललं होतं.

तुम्हीही करून पाहा. आई-बाबांना सोबत घ्या. न कळणाऱ्या भाषेतलं एक मोठं गाणं निवडा आणि तीन वेळा पूर्ण ऐका. मधे उठायचं नाही. आणि हो, तुमच्या वर्गात घरी वेगळी भाषा बोलणारं कोणी असेल, तर त्याला म्हणा, "तुझ्या घरचं एक गाणं ऐकव ना!"