वळणावरचे ओझे

गल्लीच्या कोपऱ्यावर वळणारी पालखी आपण सर्वांनी पाहिली आहे. वळणाच्या आतल्या बाजूचा भोई जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो, आणि बाहेरच्या बाजूच्याला लांब ढांगा टाकीत धावावे लागते. दोघांची चाल सारखी राहिली तर पालखी वळणारच नाही. ती सरळ समोरच्या ओट्यावर जाईल. आता दुसरा प्रसंग आठवा. जुन्या वाड्याच्या माडीवरून लाकडी कपाट खाली उतरवायचे आहे. दारातून ते सुखरूप निघते, जिन्याची रुंदीही त्याला पुरते, पण अर्ध्या जिन्यावरच्या वळणाशी ते अडते आणि मंडळी घामाघूम होतात. कपाटाची रुंदी सर्वांनी मोजलेली असते, त्याचा कर्ण कोणीच मोजलेला नसतो. ज्या विषयावर मी आज बोलणार आहे, त्याचे निम्मे शास्त्र या दोन प्रसंगांत आले.

कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे उभी राहतात. एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत माल जातो कसा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मोठ्या कारखान्यात हे काम कन्व्हेयर करतो. कोठे तो सरकता पट्टा असतो, कोठे ओळीने बसवलेले लोखंडी रोलर, कोठे दोन समांतर साखळ्या. सरळ रेषेत माल नेणे ही त्यात फारशी अवघड गोष्ट नाही. अवघड आहे तो कोपरा.

पुष्कळ ठिकाणी या कोपऱ्यावर माणूस उभा असे. लहान कारखान्यांत तो आजही असतो. आलेली पेटी हातांनी फिरवायची आणि दुसऱ्या वाटेला लावायची, एवढेच त्याचे काम. दिसायला हे क्षुल्लक आहे. पण ३० किलोची पेटी, मिनिटाला तीन पेट्या, आणि कामाचे सात तास धरा. १,२६० पेट्या होतात, म्हणजे जवळजवळ ३८ टन. तो त्या उचलीत नाही, नुसत्या वळवतो, हे खरे. परंतु प्रत्येक वेळी कमरेला पीळ बसतोच. असा माणूस पन्नाशीला कसा चालतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला यंत्राच्या बाजूने अधिक युक्तिवाद ऐकवावा लागत नाही.

यंत्राने वळायचे तर तीन मार्ग आहेत. पहिला पालखीचा. वळणावरचे रोलर निमुळते करतात, आत बारीक आणि बाहेर जाड. रोलर एकाच गतीने फिरतो, पण जाड टोकाचा परीघ मोठा असल्यामुळे पेटीची बाहेरची कड आपोआप जलद चालते. खोकी, पुडकी अशा हलक्या मालाला ही युक्ती उत्तम. दुसऱ्या मार्गात माल वळतच नाही. रोलरांच्या फटींत साखळ्या दडवलेल्या असतात. माल कोपऱ्यावर येऊन थांबला की त्या किंचित वर येतात, त्याला उचलून धरतात आणि खेकड्यासारखे आडवे घेऊन जातात. तिसरा मार्ग टर्नटेबलचा. मालाखालचा वाटेचा तुकडाच मालासह फिरवायचा आणि पुढच्या वाटेला नेऊन जोडायचा. (ग्रामोफोनची तबकडी जिच्यावर फिरते तिलाही हेच नाव आहे. नावापलीकडे दोघांत साम्य एवढेच, की मध्यबिंदू स्थिर राहतो.)

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या रेल्वेत मालाचे डबे आखूड, चार चाकांचे असत. ते एकेक करून लहानशा फिरत्या चकतीवर आणीत, काटकोनात वळवीत आणि घोड्यांकडून गोदामात ओढून नेत. पुढे डबे लांब झाले आणि चकत्या अपुऱ्या पडू लागल्या. वाफेच्या एंजिनाला तर पुढचे तोंड आणि मागची पाठ असे. म्हणून त्याला वळवण्यासाठी मोठे टर्नटेबल लागे. दोन्ही टोकांना चालकाची खोली असलेले विजेचे एंजिन आले, आणि त्याच्यापुरती ती गरज संपली.

मालालाही असे तोंड असते काय? असते, आणि येथेच या विषयाचे मर्म आहे. कारखान्यातला जड माल बहुधा लाकडी पॅलेटवर रचलेला असतो. पॅलेटच्या खालच्या फळ्या एका दिशेने जातात. या फळ्या चालीच्या दिशेने असल्या तर एकेक फळी एकाच वेळी अनेक रोलरांवर टेकते आणि पॅलेट सुरळीत चालते. त्याच फळ्या रोलरांना समांतर आल्या तर दोन रोलरांमधल्या फटीत उतरू पाहतात. पॅलेट खडखडते, अडखळते, कधी तेथेच रुतून बसते. खेकड्याच्या चालीने आडवे नेलेल्या पॅलेटची नेमकी हीच गत होते, म्हणून पुढच्या वाटेवर रोलरांऐवजी साखळ्या घालाव्या लागतात. शिवाय पुष्कळ पॅलेटांत फोर्कलिफ्टचे दाते दोनच बाजूंनी शिरतात. वाट वळली आणि पॅलेट वळले नाही, तर शेवटी उभ्या असलेल्या फोर्कलिफ्टसमोर बंद बाजू येते. टर्नटेबलवर मात्र जी बाजू पुढे होती ती पुढेच राहते. दिशा बदलली तरी मालाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही.

त्याची रचना समजायला सोपी आहे. जमिनीला घट्ट बसवलेली चौकट, तिच्यावर मोठे कडे असलेले बेअरिंग, कड्याला दाते, त्या दात्यांत फिरणारे लहान दंतचक्र आणि ते फिरवणारी मोटर. वर रोलरांचा एक तुकडा, स्वतःच्या निराळ्या मोटरसह. भार मध्यावर नसला तर पाट एका अंगाला झुकू पाहतो. म्हणून काही ठिकाणी कडेला चाके देऊन त्यांना वर्तुळाकार रुळावर चालवतात. वरच्या मोटरला वीज देणारी तार पिळत जाऊ नये, यासाठी पाट बहुधा ठरावीक कोनापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत येतो. दोन्ही टोकांना प्रकाशकिरणाचे डोळे असतात. माल पुरता वर आला, त्याचे शेपूट मागच्या वाटेवर राहिले नाही, अशी खात्री झाल्यावरच फिरण्याची आज्ञा सुटते. आणि पाट पुढच्या वाटेशी बरोबर जुळल्याखेरीज रोलर सुरू होत नाहीत. या दोन अटींपैकी एक जरी ढिली पडली तरी जड पॅलेट सांध्यावर अडकून चौकट वाकवते.

आता कपाटाचा कर्ण. १,२०० मिलिमीटर लांब आणि १,००० मिलिमीटर रुंद पॅलेटचा कर्ण १,५६२ मिलिमीटर भरतो. म्हणजे फिरताना त्याचे कोपरे मध्यापासून ७८१ मिलिमीटरवर वर्तुळ काढतात. हा आकडा मी एका कारखान्याच्या नकाशात स्वतःच्या हाताने लिहिला होता. इमारतीचा एक खांब मध्यापासून ८३० मिलिमीटरवर होता; जवळपास ५० मिलिमीटर जागा उरत होती. मला ती भरपूर वाटली. पॅलेटवर पोती येणार होती, आणि पोती पॅलेटच्या बाहेर ओघळतात, हे मी जमेस धरले नव्हते. चारही बाजूंना ५० मिलिमीटर पोते बाहेर आले की कोपरा ७८१ वरून ८५१ वर जातो. साहजिकच प्रत्येक फेरीत पोत्याचा कोपरा खांबाला घासू लागला. तेथे काम करणारा मदतनीस तळहाताने पोते आत दाबून देई. दिवसातून कितीतरी वेळा तो हे करीत असे, आणि मीही ते पाहून पुढे जात असे. एके दिवशी हात काढायला त्याला उशीर झाला. दोन बोटांची पेरे गेली.

यंत्र फार जलद फिरत होते असे नाही. माझी चूक अशी, की मी मालाला जागा मोजली, माणसाला मोजली नाही. चिरडण्याचा धोका टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात जी किमान अंतरे दिली आहेत, त्यांत बोटासाठी २५, हातासाठी १०० आणि सबंध देहासाठी ५०० मिलिमीटर आहेत. मालाला पुरेशी वाटणारी फट माणसाला सापळा होते, ती अशी. चालत्या यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमात होतीच. आमच्याकडे कुंपण मोटरभोवती होते, वर्तुळाभोवती नव्हते.

वेगाविषयीही एक गैरसमज आढळतो. माल तुंबू लागला की व्यवस्थापक म्हणतात, "टेबल जलद फिरवा." जरा हिशेब करू. रोलर मिनिटाला १२ मीटर चालतात आणि पॅलेटला पाटावर येण्यास दीड मीटर जावे लागते, असे धरा. यायला साडेसात सेकंद, वळायला चार, उतरायला साडेसात आणि रिकामा पाट परतायला चार. एकूण २३ सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १५६ पॅलेटे. वळण्याचा वेळ चारावरून दोन सेकंदांवर आणला तर ताशी १८९ होतात. पण वेळ निम्मा केला की मालावरचा जोर चौपट होतो. चार सेकंदांच्या वळणात कोपऱ्यातल्या ३० किलोच्या पेटीला बाहेर ढकलणारा जोर फार तर पावणेदोन किलो वजनाइतका असतो. दोन सेकंदांत तो सात किलोंवर जातो, आणि उंच रचलेल्या थराचा तोल जाऊ लागतो. उलट वळणाला हात न लावता रोलरच मिनिटाला १८ मीटरने चालवले, तर फेरी १८ सेकंदांत पुरी होऊन ताशी २०० पॅलेटे जातात. वेळ जातो तो येण्याजाण्यात, आणि डोळ्यांत भरते ते फिरणे.

एवढे करूनही पुरेनासे झाले, तर आणखी एक उपाय आहे. सरळ जाणाऱ्या मालासाठी पाट फिरावा लागत नाही. म्हणून अधिक संख्येने येणारा माल सरळ आणि थोडा माल वळणावर, अशी वाटांची आखणी करावी. मात्र ही अक्कल सुचायची ती नकाशावर; जमिनीत बोल्ट ठोकल्यावर सुचून उपयोग नाही.

आमच्या कारखान्यात खांब हलणे शक्य नव्हते, म्हणून टेबल हलवले. नव्या जागी ते बसवण्यापूर्वी तो मदतनीस रजेवरून परत आला होता. त्याने गोदामातले सर्वांत बेढब भरलेले पॅलेट मागवले, मध्याला खिळा ठोकला, सुतळी बांधून कोपऱ्यावरच्या पोत्याच्या टोकापर्यंत ताणली आणि तिच्या टोकाला खडू धरून जमिनीवर वर्तुळ काढले. माझ्या नकाशातल्या वर्तुळापेक्षा ते चार बोटे बाहेर होते. कुंपण आम्ही त्याच्या वर्तुळापासून मोजले.